न वाचता पाठवलेला बायोडेटा

बुधवार संध्याकाळ, मुलुंड

स्वतःचाच वैताग आलाय. बायोडेटा एआयकडून लिहून घेतला आणि न वाचता पाठवला. आज अंधेरीच्या हॉस्पिटलात मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "ही रुग्णसंपर्क यंत्रणा तुम्ही उभारलीत?"

कसली यंत्रणा? आठ वर्षं मी दवाखान्याच्या रिसेप्शनवरून पेशंटना तपासणीची आठवण करून द्यायला फोन करतेय. हो म्हणावं? क्षणभर वाटलंही. मग सांगून टाकलं, "ते एआयने लिहिलंय मॅडम. मी फोन करते."

"न उचलणाऱ्यांचं काय करता?"

मी दहा मिनिटं बोलतच होते. पेशंटच्या शेजारणीला फोन, जावयाला फोन, सगळं सांगितलं.

"हेच लिहून उद्या पाठवा," मॅडम म्हणाल्या.

आता स्वतः लिहितेय. एआयला फक्त शुद्धलेखन बघू देणार. पण हे काम सांगण्यासारखं आहे, असं मला आधी का वाटलं नाही?