मामांची गाडी पहिली आली

परळ, मुंबई
ता. ३ डिसेंबर १९५८

तीर्थरूप भिकाजीमामांना भाचा हरिश्चंद्र याचा, दोन्ही हात हँडलवरून काढून, साष्टांग नमस्कार. मामींचे गुडघे कसे आहेत? आणि तुमच्या सायकलच्या दुकानातल्या पंपाचा दमा? मी इथे खुशाल आहे. ढोपरं सोलली होती, आता खपली धरली आहे.

मुंबई-नाशिक सायकल शर्यतीचा निकाल कळवला, त्यावर तुमचं कार्ड आलं. "एकतिसावो येवक मुंबैक कित्याक गेलंस? तां कट्ट्यारय जमला असतां." एवढीच ओळ, खाली सहीसुद्धा नाही. मामा, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दांड्याखालून पाय घालून सायकल चालवायला तुम्हीच शिकवलीत, आणि आता आपल्या गावी, कट्ट्याला, बसमधून उतरलो तर तुम्ही मान फिरवाल, या धास्तीने सविस्तर लिहितो.

गिरणीने मला नोकरीवर ठेवलं ते पहिला येण्यासाठी नव्हेच. गिरणीच्या आमच्या सायकल-संघाचा पुढारी देवगडचा नुरुद्दीन. त्याने पहिलं यायचं आणि आम्ही चौघांनी त्याला आणायचं, अशी कामाची वाटणी. लग्नानंतर नवरीबरोबर पाठराखीण जाते ना, तसला माझा हुद्दा. (हसू नका. पाठराखणीवाचून नवरी सासरी जाते का?) समोरचा वारा मी अंगावर घ्यायचा आणि त्याने माझ्या पाठीआड दम राखायचा. त्याला तहान लागली तर माझी बाटली, भूक लागली तर माझी केळी. मुंबईहून कसाऱ्याचा सगळा घाट मी त्याला असा चढवला, की इगतपुरीला मी भात्यासारखा धापत होतो आणि तो शीळ घालत होता. याला छाती लागते, मामा, आणि ती माझ्याजवळ आहे. हे मी अभिमानाने लिहितो.

घोटीच्या पुढे खड्डा आला आणि त्याच्या पुढच्या चाकाची जिलबी झाली. आम्ही दोघे तेव्हा सगळ्यांच्या पुढे होतो. संघातल्या गड्याची गाडी घेता येते असा नियम आहे, म्हणून मी उतरलो आणि तुम्ही दिलेली गाडी त्याला दिली. त्याचे पाय लांब आणि सीट माझ्या मापाची, त्यामुळे गुडघे कानाला लावून तो नाशकात पहिला पोचला. मी त्याचं चाक मैलाच्या दगडावर आडवं घालून गुडघ्याने सरळ केलं (दुकानातली विद्या) आणि लडबडत एकतिसावा आलो. शर्यतीत चौतीस जण होते, म्हणजे माझ्याही मागे तिघे होतेच.

आता चूक कोणाची ते सांगतो, पण रागावू नका. शिवरात्रीला कुणकेश्वरात तुम्ही गुरवाकडून गाऱ्हाणं घातलंत, तेव्हा मी मागेच उभा होतो. गुरवाने बिचाऱ्याने "ह्या हरीक" म्हणून सुरुवात केली होती. पण गाडी तुमची ना! तुम्ही त्याला मधेच थांबवलंत आणि म्हणालात, "तसा नको. भिकाजीच्या गाडयेक पयलो नंबर गावांदे, असा म्हण." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मीसुद्धा म्हणालो. देवाने शब्द न् शब्द ऐकला. वर कोण बसलेला असावा हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा हार घालायचा तर गाडीला घाला. मी बाजूला उभा राहीन, त्या कामाची मला सवय आहे.

तुमचा भाचा,
हरिश्चंद्र (एकतिसावा)

ता. क. त्या गाऱ्हाण्यात बोललेले नवसाचे पाच नारळ चुकवू नका. देवाने आपलं काम चोख केलं आहे.

आणखी ता. क. वर अभिमानाचं लिहिलं ते खरं आहे, त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. पण गाडी देताना माझा हात हँडलवरून सुटेना. "हरी, सोड मरे," असं नुरुद्दीनला दोनदा म्हणावं लागलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तुम्हीही मामीला सांगू नका. फक्त येत्या शिवरात्रीला गुरव "ह्या हरीक" म्हणू लागला, की मधे बोलू नका.