पडलेल्या सणाच्या पताका

उस्मानपुरा, औरंगाबाद
कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय पुतळा,

तुझं पत्र येऊन पंधरवडा होऊन गेला. उत्तर नाही म्हणून तू नाराज झाली असशील, आत्याबाईला आता आळस चढला म्हणाली असशील. आळस नाही गं. रोज कागद घेऊन बसते आणि रोज भाजी निवडायचं निमित्त काढून उठते. दिवाळीला बाळाला घेऊन पहिल्यांदा तुमच्याच दारात येणार, माझं माहेर तेच, असं तू लिहिलंस. त्यावर काय लिहावं ते मला सुचेना. अक्षर तर माझं तुला ठाऊकच आहे. निजामावर पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा मी शाळेत उर्दू गिरवत होते. मग मास्तर बदलले, भाषा बदलली, आणि मराठीची बाराखडी पुरी होते न होते तोच माझी सोयरीक जमली. तेव्हा जुळवून वाच. सोबत गाठोडं पाठवलंय, ते मात्र आधी सोडू नकोस.

गाठोड्यात आपल्या पताका आहेत. व्हय, त्याच, मखराच्या. तू म्हणशील, त्या इकडं कशाला. सांगते. पण मला मुळापासून सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, तेवढं सोस.

त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या मखराला दिव्यांची माळ पाहिजे हा हट्ट त्रिंबकचा. मी कधी माझ्या पोराला नाही म्हणाले? गुलमंडीवरनं रंगीत बल्बांची माळ आणली. फरशी नुकती पुसलेली, पाय ओले, हातात वायर, आणि महालक्ष्म्यांना नैवेद्य दाखवायच्या आधी माझा लेक त्यांच्यासमोर आडवा झाला. तू पुरणाच्या हातानं धावत आलीस. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तुमच्या दोघांच्या. आणि ज्या दिवशी घरात माणूस जातं त्या दिवसाचा सण पडतो, हे कुणी सांगायची गरज नव्हती. पुढं कधी त्याच दिवशी घरात पाळणा हलला, नाहीतर दावणीची गाय व्याली, तरच तो सण उठतो. तोवर मुखवटे पेटीत. भादव्यात सगळ्या गल्लीत पुरणाचा वास सुटायचा आणि आपण दोघी दार लोटून भाकरी खायचो.

पताकांचं तूच काढलंस. पुन्हा महालक्ष्म्या उभ्या राहतील तेव्हा त्यांच्या वर वायर नको, कापडाच्या पताका लावू, म्हणालीस. मला तेव्हा तुझा राग आला होता. पोरगी उभी जळतीय आणि सणाचं बोलतीय, असं वाटलं. पण तू गुलमंडीच्या शिंप्याकडनं कातरणाची पिशवी मागून आणलीस, आणि मीही जवळ सरकले. छिटाचे तुकडे, पॉपलीन, माझ्या लग्नातल्या खणाची कड, कुणाच्या तरी फाटक्या हिमरू शालीचा एवढासा तुकडा. चार-पाच तुकडे जोडायचे, तीन कोनी कापायचे, मागनं अस्तर लावायचं आणि नाड्यावर चढवायचं. तुझा टाका मुंगीएवढा, माझा रांगणाऱ्या पोरासारखा. माळ उलटी करून बघितलीस तर कुठं तू थांबलीस आणि कुठनं मी एकटी शिवत गेले ते कळतं.

तुझ्या मामंजींनी मात्र दुसरंच खूळ घेतलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसला माणूस. फुलंब्रीच्या मळ्यातली हरणी आठवते ना? गाय नऊ महिने नऊ दिवसांनी व्याती म्हणून कालनिर्णय उलटं चाळत महालक्ष्म्यांपासून मागं मोजत जायचे, आणि कार्तिकात साहेब रजा टाकून गाय फळवायला एस्टीनं फुलंब्रीला. हापिसात काय कारण सांगत होते देव जाणे. देवाला चकवायला निघालेला माणूस. पहिल्या खेपेला हरणी चार दिवस आधीच व्याली. पुढच्या खेपेला बरोबर त्या दिवशी सकाळी तिनं वैरण सोडली, आणि आपण तिघं पताकांची माळ घेऊन गोठ्यात जाऊन बसलो. तू तिच्या पाठीवरनं हात फिरवत होतीस, हे सारखे उठून सूर्य बघत होते. दिवस मावळला तरी काही नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर कालवड झाली. एवढी गोजिरवाणी कालवड, आणि तिघांतल्या एकानंही तिच्याकडं धड बघितलं नाही. मग हरणी थकली, मळा वाट्यानं गेला, दावण मोकळी झाली.

त्यानंतर मी तुझ्या दुसऱ्या लग्नाचं मनावर घेतलं. भावकीनं मला काय काय ऐकवलं ते तुला सांगितलं नाही, आता सांगून काय उपयोग. एवढंच सांगते, मला त्याचा कधी पस्तावा झाला नाही. तू सून म्हणून आलीस आणि मी तुला लेक म्हणून पाठवली. तुझे वैजापूरचे मास्तर भले माणूस निघाले. तू गेल्यावर दुपार सरायची नाही, म्हणून पताका शिवत राहिले. सण कशानं उठणार होता, घरात गाय नाही आणि सून नाही? आडात नाही ते पोहऱ्यात कुठनं येणार? तरी शिवत राहिले. हाताला दुसरं काही सुचत नव्हतं.

आणि मग मास्तरांचं कार्ड आलं. मुलगा झाला, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, भर दुपारी.

पुतळा, त्या दिवशी मामंजींनी कार्ड वाचलं आणि उठून दाढी करून आले. कित्येक दिवसांची वाढलेली होती. पेटी काढ म्हणाले. स्वतः चिंच लावून मुखवटे घासले, पताकांची माळ खोलीभर बांधली, खाली खुर्ची टाकून बसले. सण उठला, म्हणाले, आता पुढच्या भादव्यात महालक्ष्म्या बसवायच्या. मलाही ते खरं वाटत होतं. मी डाळ किती लागेल त्याचा हिशेब करायला लागले होते मनात.

दुसऱ्या दिवशी ते भावकीला सांगायला फुलंब्रीला गेले. सांडूभाऊजींनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि सांगितलं की दादा, लेकरू झालं हे लई चांगलं झालं, पण ते आपलं नाय. त्याच्या बापाचं आडनाव वेगळं, त्याचं देवघर वेगळं, त्याच्यानं आपला सण कसा उठंल? भाऊजी वाईट माणूस नाही. त्यांनी खरं तेच सांगितलं, आणि खरं होतं म्हणूनच हे तसेच उठून निघाले. घरी आले ते चपला न काढताच पलंगावर बसून राहिले. पताका सोडू का विचारलं, तर राहू दे म्हणाले.

त्यानंतर सणाचं नाव त्यांनी काढलं नाही. मला वाटलं, पचवलं. कसलं काय. झबली आणतात. बाजारातनं लाकडी खुळखुळा आणला. खालच्या द्वारकाबाईंना सांगून आले की त्रिंबकचा मुलगा येणाराय दिवाळीला. दोन दिवसांनी त्यातला मुलगा हा शब्द गळाला, नुसता त्रिंबक उरला. त्रिंबक कधी येणार, एवढंच विचारतात. इथल्याच शाळेत घालू म्हणतात, वैजापूरला काय ठेवलंय. मी एकदा दरडावलं की त्याचं नाव त्रिंबक नाही, त्याचे आईबाप आहेत. तर माझ्याकडं असं बघितलं, मीच त्याला दुसऱ्यांदा मारल्यासारखं.

पताकांमधली एक मी उसवून काढलीय. निळ्या रेघांची. तिच्या अस्तराला तू त्रिंबकच्या सदऱ्याचा तुकडा लावला होतास, मला न सांगता. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुझ्या लेकराच्या डोक्यावर त्याची सावली नको, म्हणून ती माझ्याजवळ ठेवली आणि त्या जागी हिरव्या छिटाची नवीन शिवून बसवली. टाके वाकडे आलेत, डोळे आता साथ देत नाहीत. बाकीची माळ पाळण्यावर बांध, नाहीतर दिवाळीला दारात लाव. पडलेल्या सणाची वस्तू तुझ्या सासूबाईंना चालत नसेल तर कुणाला तरी देऊन टाक, मला कळवू नकोस.

आता जे लिहायला बसले होते ते लिहिते. दिवाळीला येऊ नकोस, पुतळा. यांच्या डोक्यामुळं नको म्हणतेय असं समजू नकोस, यांना मी आवरलं असतं, जन्मभर तेच केलंय. पण काल झबल्यांच्या घड्या घालताना माझ्या मनात आलं की पुतळा चार दिवस राहील, पाचव्या दिवशी म्हणू बाळाला सर्दी झालीय, एवढा प्रवास नको, राहू दे त्याला इथं थोडे दिवस. सबबही तयार, अंथरुणाची जागाही ठरलेली. मन चिंती ते वैरी न चिंती. एकदा तो माझ्या मांडीवर आला तर मी त्याला तुझ्या हातात परत देईन, याची मला खात्री नाही. माझं घर तुझं माहेर आहे म्हणालीस, आणि माहेराचं दार मीच लावून घेतेय. तू रडशील, मला नावं ठेवशील, ठेव. त्याला बोलता येऊ दे. तुझं नाव काय, असं विचारल्यावर तो स्वतःचं आणि स्वतःच्या बापाचं नाव खणखणीत सांगायला लागला, की त्याला घेऊन ये. तोवर आम्ही दोघं असलो तर दारातच त्याला नाव विचारू.

तुझीच,
आत्याबाई