कपाटातली पाहुणी

म्सिकाबाची दरी, लुसिकिसिकी
१४ जानेवारी २०२२

चि. वुयिसिले यास,
अ. उ. आ.

पत्रासोबत मार्गारिनच्या जुन्या डब्यात, ओल्या कागदात गुंडाळलेल्या सहा फांद्या आहेत. भाजी समजून खाऊ नकोस. टॅक्सीवाल्या म्पेंडुलोला बजावलंय की डबा डर्बनला पोचल्याबरोबर तुझ्याच हातात द्यायचा. वाटेत तो किती ठिकाणी चहाला थांबतो ते मात्र त्याचं त्यालाच ठाऊक.

गोष्ट अशी आहे की आईच्या उम्याचं वाण संपत आलंय. शहरातले लोक ज्याला गांजा म्हणतात आणि म्हणताना आवाज खाली आणतात, त्याच्याच जिवावर आपल्या दोघांच्या पायात शाळेचे बूट आले. तीन वर्षांपूर्वी पलीकडच्या उतारावरच्या लोकांनी बाहेरून झटपट येणारं नवं बी आणलं. वाऱ्याला कुंपण घालता येत नाही. त्यांच्या नरझाडांचा पराग आपल्या शेतात येत राहिला आणि यंदा पेरलेलं सगळं मिसळीचं निघालं. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू असला तरी नाक शाबूत आहे. ती ओळीने एकेका झाडाचं पान चुरडून हुंगत गेली आणि मान हलवत राहिली. शेवटी गुरांच्या कुंपणामागच्या एका झाडापाशी थांबली आणि म्हणाली की ही तेवढी आपली.

नव्या वाणाचा काढा तिच्या गुडघ्यांना उतरत नाही, डोक्यात मात्र चढतो. परवा म्हाताऱ्या माजोलाच्या अंत्यविधीला पाद्री बोलत असताना आईला हसू फुटलं. मी तिच्या तोंडावर शाल दाबून तिला बाहेर नेलं. त्यात हसण्यासारखं काय होतं, असं बायका मला अजून विचारतात.

हे झाड एप्रिलपर्यंत फुलून मरेल आणि त्याचं बीही पुन्हा मिसळीचंच होईल. तुझ्या घराची दारं-खिडक्या घट्ट लागतात. जन्मभर वायरमन म्हणून दुसऱ्यांच्या घरात दिवे लावलेस, आता एक आपल्यासाठी लाव. फांद्यांना मुळं फोडून झाड जगतं ठेव, एवढंच मागणं आहे.

लोभ आहेच, अर्धा डब्यात घातलाय.

तुझी थोरली बहीण, सिसी
नोबांतू


डर्बन
२ फेब्रुवारी २०२२

ती. सिसी नोबांतूस,
सा. न. वि. वि.

कसं सांगू? सहाच्या सहा गेल्या.

मी काही कमी केलं नाही गं, उलट जास्तच केलं. सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी दिलं आणि खिडकीत भर उन्हात ठेवल्या. चौथ्या दिवशी माना टाकल्या, सहाव्या दिवशी देठ काळे आणि मऊ पडले. शेजारचे पेरुमलकाका चाळीस वर्षं जुन्या न्हाणीच्या टबात कढीपत्ता वाढवताहेत. ते येऊन बघून गेले आणि विचारलं की मी फांद्या लावतोय की शिजवतोय. आता घरात स्वतःपुरतं लावलं तर कुणी दार ठोठावत नाही, तरी सवयीने मी त्यांना सांगितलं होतं की हा पुदिना आहे. त्यांनी वास घेतला आणि म्हणाले की पुदिना चांगल्या घराण्यातला दिसतो.

त्यांनी मला शिकवलं. मुळं नसलेली फांदी पाणी पिणार कशाने? देठ पेराखाली तिरका कापायचा, मोठी पानं अर्धी छाटायची, नुसत्या दमट मातीत खोचायचं, वर प्लास्टिकची पिशवी घालायची, सावलीत ठेवायचं आणि मग हात पाठीमागे बांधून लांब बसायचं. हे शेवटचं मला जड जाणार आहे.

आणखी एकदा फांद्या पाठवशील का? आईला इतक्यात कळवू नकोस. चार वर्षांत घरी फिरकलो नाही, आणि आता फांद्याही मारल्या म्हणेल.

तुझ्या मायेला मी पात्र नाही, तरी ती चालू ठेव.

तुझा,
वुयिसिले


म्सिकाबाची दरी
१० फेब्रुवारी

चि. वुयिसिले यास,
अ. उ. आ.

पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. माझ्या पोटात काही राहत नाही हे ठाऊक असून तू लिहिलंस, तेव्हा चूक तुझी. ती म्हणाली की लहानपणी तू कोंबडीच्या पिल्लालाही असंच कुरवाळून मारलं होतंस.

या आठ फांद्या शेवटच्या. झाडावर पांढरे केस दिसायला लागलेत, म्हणजे फुलायची तयारी आहे. आईने डब्यात अंगणातली मूठभर माती घातली आहे. झाडाची नाळ इथे पुरली आहे, ते परगावी बुजू नये म्हणून.

आई एक गोष्ट सारखी बोलते, तीही लिहिते. ती म्हणते की कलम म्हणजे लेकरू नव्हे, तीच बाई पुन्हा उभी केलेली. एका बाईला किती वेळा उभं करणार? शेताला लेकी लागतात. खरं आहे, पण लेकींना बाप लागतो आणि आपल्या वाणाचा नर दरीत एकही उरलेला नाही. मी तिला म्हटलं, आधी बाई तर जगू दे.

लोभ ठेव, पण पाण्यासारखा ओतू नकोस.

नोबांतू


डर्बन
१७ एप्रिल

ती. सिसी नोबांतूस,
सा. न. वि. वि.

आठातल्या चार जगल्या! सोळाव्या दिवशी कुंडीच्या भोकातून पांढरं मूळ डोकावलं आणि मी एकटाच स्वयंपाकघरात नाचलो. खालच्या मजल्यावरून झाडूच्या दांड्याने छताला ठोके मिळाले.

लिंदेल्वा संसार मोडून गेली तेव्हा तिचं कपड्यांचं मोठं कपाट इथेच राहिलं होतं. त्याला आतून चंदेरी कागद लावला, दिवा टांगला, छोटा पंखा बसवला, वीज जाते त्या तासांसाठी बॅटरी जोडली. एक झाड वेगळ्या खोक्यात दिवसाचे अठरा तास उजेडात ठेवलंय, म्हणजे ते फुलणार नाही, वाढतच राहील आणि त्याच्या फांद्या पुढे कायम मिळतील. बाकीची तीन परवापासून फुलायला लावलीत, आईच्या औषधासाठी. त्यांना बारा तास उजेड आणि बारा तास काळोख लागतो. संध्याकाळी सहापासून सकाळी सहापर्यंत सुईच्या टोकाएवढाही उजेड आत जाता कामा नये. दाराच्या फटींना मी काळी पट्टी मारली आहे.

आईच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली, मेच्या मध्यावर. तिला आधीच पाठव. चार आठवडे तरी राहू दे. मला तिला माझं कपाट दाखवायचंय. अठ्ठावन्न वर्षांचा घोडा झालो तरी आईने बरं म्हणावं असं वाटतंच.

तुझा,
वुयिसिले


म्सिकाबाची दरी
२ मे

चि. वुयिसिले यास,
अ. उ. आ.

कुंपणामागचं झाड संपलं. बी निघालं ते मिसळीचंच. आईने स्वतःच्या हाताने ते उपटलं आणि बराच वेळ तिथेच बसून राहिली. आता आपलं म्हणून जे काही आहे ते तुझ्या कपाटात आहे.

आईला गुरुवारच्या टॅक्सीने पाठवतेय. तिला आंबट दूध थंड देऊ नकोस. दिवेलागणीला ती घरातल्या प्रत्येकाची विचारपूस केल्याशिवाय अंथरुणाला पाठ टेकत नाही. इथे कोंबड्यांनाही विचारते. वैतागू नकोस, तुझ्याकडे विचारायला तू एकटाच आहेस.

तिला जपून परत पाठव. उसनी दिली आहे.

नोबांतू


डर्बन
२१ जून

सिसी,

नमस्कार-चमत्कार आज राहू दे. आई काल सकाळच्या टॅक्सीने निघाली, म्हणजे हे पत्र मिळेल तेव्हा तुझ्यासमोर बसलेली असेल. चहासुद्धा न घेता गेली.

खोक्यातलं मोठं झाड मेमध्येच लाल कोळी नावाच्या किडीने खाल्लं, हे मी तुला कळवलं नव्हतं. मग कपाटातल्या तीनच राहिल्या. परवा फुलं हाताळून बघितली तर आत टचटचीत बी. बंद कपाटात, जिथे एकही नर नाही, तिथे बी! मला एकच सुचलं, की आईच्या शालीवरून दरीतला मिसळीचा पराग आत आला. म्हणजे उरलंसुरलंही बाटलं. मी तिला विचारलं की कपाट उघडत होतीस का. तिने सरळ सांगितलं की हो, रोज संध्याकाळी. डोळ्यावरची पट्टी सुटल्यावर तर हातातली बॅटरी पेटवून अर्धा-अर्धा तास त्यांच्यापुढे बसून गावच्या बातम्या सांगायची. म्हणाली की गावाकडची पाहुणी घरात असताना तिला विचारपूस न करता अंधारात कोंडून ठेवायला तिला कुणी शिकवलेलं नाही.

सिसी, मी ओरडलो. शाल हिसकावून जमिनीवर टाकली. म्हणालो, तू आलीच नसतीस तर बरं झालं असतं. तिने शाल उचलली, झटकली, घडी घातली. सकाळी उठलो तर ती बोचकं घेऊन दारात उभी.

तीनही झाडं आज उपटून टाकणार होतो. हात चालला नाही. तिला काय सांगू ते कळव.

वुयिसिले


म्सिकाबाची दरी
२७ जून

वुयिसिले,

आशीर्वाद देते, पण रागाने.

झाडांना हात लावू नकोस! आधी हे वाच. मेमध्ये दरीत कुठला नर उभा असतो रे? सगळी कापणी एप्रिलमध्ये उरकली. आईची शाल मी स्वतः नदीवर धुऊन, कडक वाळवून दिली होती. शहरात राहून तू ऋतू विसरलास.

भिंग घे आणि फुलांत बघ. पांढऱ्या केसांच्या मधोमध पिवळी, बारीक, शिंगासारखी काही दिसतात का? एकट्या पडलेल्या मादीचा काळोख कुणी पुन्हा पुन्हा मोडला की ती बावरते. आपला वंश बुडतोय असं तिला वाटतं, आणि ती स्वतःच्याच अंगावर थोडं नराचं फूल काढते. त्या बीची आई तीच आणि बापही तीच. त्यात परक्याचा कणही नाही. हे मला आईनेच फार वर्षांपूर्वी शेतात सांगितलं होतं. आम्हा दोघींना त्यात नवल वाटलं नाही. बाबा खाणीत गेले तेव्हा तू चार वर्षांचा होतास. नांगर तिनेच धरला. तुझ्या नावाने बकरा कापायचा होता तेव्हा गुरांच्या कुंपणात उभं राहून पूर्वजांशी बोलायला घरात पुरुष नव्हता, आणि बाईला आत पाऊल टाकता येत नाही. ती कुंपणाच्या बाहेर उभी राहून बापाचे शब्द बोलली. म्हातारे कुरकुरले, पण अडवलं कुणी नाही.

बी तपकिरी होईपर्यंत थांब. आणि काय सांगू म्हणून मला विचारू नकोस. इथे आल्यापासून ती एवढंच म्हणते की वुयीचं घर स्वच्छ आहे.

नोबांतू


डर्बन
२४ ऑगस्ट

ती. आईच्या चरणी,
सा. न.

सिसीचं पत्र मिळाल्यापासून रोज लिहायला बसतो आणि कागद फाडतो. आज बी पाठवतोय म्हणून लिहावंच लागतंय.

पिवळी शिंगं होती. मी त्याच दिवशी पाहिली आणि पेरुमलकाकांनाही दाखवली. ते म्हणाले की आईला ताबडतोब कळव. मी दोन महिने लावले. लाज वाटत होती. बी आता तपकिरी आहे, रेघारेघांचं, माझ्या लहानपणी तू तळहातावर ठेवायचीस तसंच. मी एक फोडून वास घेतला आणि तिथेच बसून रडलो.

मी बोललो ते परत घेता येत नाही. तू आलीस म्हणून हे बी आहे. तू आली नसतीस तर माझ्या शिस्तीच्या काळोखात तिन्ही बायका गुपचूप फुलून मेल्या असत्या. आई, मला क्षमा कर. औषधाची फुलं वेगळी बांधली आहेत, गुडघ्यांसाठी काढा कर.

तुझा,
वुयी


म्सिकाबाची दरी
९ ऑक्टोबर

चि. वुयी यास, आईचे पोटभर आशीर्वाद.

हे मी स्वतः लिहितेय. बारा वर्षांनी कागदावरची ओळ दिसते आहे. अक्षर वाकडं आहे, हसू नकोस.

तू म्हणालास ते मला लागलं. लागलं नाही असं लिहिणार नाही, माझ्या वयात खोटं लिहायला वेळ नाही. टॅक्सीत म्पेंडुलोने गाणी लावली होती म्हणून माझं रडणं कुणाला ऐकू गेलं नाही. पण तुझं पत्र आलं तेव्हा मी ते नोबांतूच्या हातून काढून घेतलं आणि स्वतः वाचलं, तीनदा.

इथे सगळे म्हणतात की म्हातारी हुशार, तिने मुद्दाम झाडाला बावरवलं. मी त्यांना म्हणू देते. तुला खरं सांगते, शेतातलं ठाऊक होतं, पण माझ्या बॅटरीच्या उजेडाने कपाटातली बावरेल हे ध्यानीमनीही नव्हतं. कपाटात कुणीतरी आपलं आहे आणि तिच्याशी कुणी बोलत नाही, एवढंच वाटायचं. तुझ्याशीही कुणी बोलत नव्हतं. पण तू रात्रीपर्यंत कामावर असायचास, आणि कपाट तेवढं घरात असायचं.

बी उगवलं. सगळं नाही, पण बरंच. मी दूध घेऊन पलीकडच्या उतारावर गेले होते. त्यांच्या म्हातारीला म्हटलं की या वर्षी तुमचे नर दिसताक्षणी उपटा, पुढच्या वर्षी माझ्यातलं बी तुम्हाला देते. तिच्या आजीचं वाणही असंच गेलंय. ती लगेच हो म्हणाली.

रोपं वीतभर झाली आहेत. संध्याकाळी मी बॅटरी घेऊन जाते आणि एकेकीची विचारपूस करते. हे त्यांना चालतं की नाही, मला कळत नाही. चालत नसेल आणि तुला रागवायचं असेल, तर पत्रातून रागावू नकोस. इथे येऊन रागाव.

तुझी
आई