रविवारच्या मताआधी

प्रिय दादा,

वाकून नमस्कार. मी मजेत आहे. आईला तेवढंच वाचून दाखव. तिचे गुडघे कसे आहेत?

रविवारी शेजारी देशांच्या सामाईक चलनाच्या बाजूने मत देणार म्हणून तू गल्लीभर सांगत सुटलायस, असं वहिनीने कळवलं. कॉलेज अर्धवट सोडलेल्याने तुला अर्थशास्त्र शिकवू नये, कबूल. पण इथल्या देशाने स्वतःचं चलन सोडून ते सामाईक चलन केव्हाच घेतलंय आणि मी इथल्याच बुटांच्या कारखान्यात राबतोय.

सुरुवातीला चैन होती म्हणे. मग बूट खपेनात. मालक आम्हाला म्हणाला, "पूर्वी मंदी आली की आपल्या पैशाचा भाव उतरायचा आणि बाहेरच्यांना आपले बूट स्वस्त पडायचे. आता पैशाचा भाव आपल्या हातात नाही. तेव्हा तुम्हीच स्वस्त व्हा." पगार दोनदा कापला. मी टेबलावर मूठ आपटली. बोटं सुजलीत, पण काळजी नको.

निम्मी यंत्रं चादरी घालून झाकलीत. आमच्या रस्त्यावर घरोघरी 'विकणे आहे'ची पाटी आहे आणि घ्यायला कुत्रं येत नाही.

कारखान्यात बुटांचे तळ शिवणाऱ्या मुलीबद्दल मागे लिहिलं होतं. हसू नकोस, जीव अडकलाय माझा. तिलाही कामावरून काढलं. काल म्हणाली, "तुझ्या देशात अजून स्वतःचं चलन आहे ना? मग तिकडेच संसार थाटू." मी छातीठोक "हो" म्हणालो. मतदानाचं सांगायला जीभ रेटली नाही.

दादा, तुम्ही तिघंही 'नाही' म्हणा. आम्ही रविवारी सकाळी निघतोय. घरी पोचू तेव्हा निकाल लागलेला असेल.

तुझा,
डोक्याने तापट धाकटा