केसांच्या आतलं मांजर

॥ श्री ॥
बोरी, ता. जिंतूर
१२ फेब्रुवारी १९८१

चि. शिवरुद्र यास उमाअक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायला महिना लागला. शाळा, सासूबाईंची पथ्यं आणि आता तुझं मांजर, यांत दिवस सरतो. ते पाळणाऱ्या तुझ्या घरमालकीणबाई वारल्या, तुझ्या बायकोला त्याच्या केसांनी दमा होतो, म्हणून ते माझ्याकडे आलं. त्याची तक्रार नाही. पण ‘इराणी आहे, गरीब आहे’ एवढंच सांगून परभणी स्टेशनावर करंडी माझ्या हातात दिलीस आणि परतीच्या गाडीनं निघून गेलास, हे बरं नव्हे.

गरीब मात्र खरंच आहे. गावातल्या मांजराच्या दुप्पट अंगाची, पण बेगम ओरडत नाही, नख काढत नाही. परवा उंदीर तिच्या शेपटीवरून गेला, तर हिनं सरकून वाट दिली. सासूबाई म्हणाल्या, नवाबाच्या घरची हाय, उंदराला बी ‘पहले आप’ म्हणतीय. हे गेल्यापासून सहा वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

ती आमच्यासारखंच दूधभात, भाकरी-तूप खाते. आणखी काय करायचं असतं ते कळव.

तुझी अक्का

*

हैदराबाद
२० फेब्रुवारी १९८१

ती. अक्कास शिवरुद्रचा सा. नमस्कार.

रोज संध्याकाळी दातांत अंतर असलेल्या फणीनं विंचरत जा. पोटाखाली आणि काखेत गुठळ्या होतात, त्या ओढू नकोस, बोटांनी सोडव. डोळ्यांतून पाणी येतं ते ओल्या कापसानं पूस. उन्हाळ्यात ओल्या पोत्यावर निजव. एवढी निगा शाळेतल्या पोरींची केलीस तर सगळ्या पहिल्या येतील.

खाण्याचं मनावर घेऊ नकोस. जे देशील ते खाईल.

सासूबाईंना नमस्कार. आहे तशी माया राहू दे.

शिवरुद्र

*

बोरी
९ एप्रिल १९८१

चि. शिवरुद्र यास आशीर्वाद.

आज नीट लिहिता येईल असं वाटत नाही. पंधरा दिवस बेगम उठून पाण्यापर्यंत जात नव्हती. उन्हानं असेल असं म्हणून मी चालवून घेतलं. काल करंडीत घालून एसटीनं परभणीला गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं. दिनकरराव म्हणून आहेत, मोठा शांत माणूस. त्यांनी काही न विचारता तिच्या अंगावर तांब्याभर पाणी ओतलं. केस चपटे झाले आणि आतून एवढंसं, बरगड्या मोजाव्यात असं मांजर निघालं. ते म्हणाले, “बाई, तुम्ही केसांना सांभाळलंत.”

शिवरुद्र, तुझं पत्र आल्यापासून दीड महिना मी तिला रोज विंचरत होते. हाताला हाडं लागत असणार. लागली नसतील असं कसं म्हणू? घनदाट केस पाहून घरात सगळे म्हणायचे, चांगलं बाळसं धरतीय. मलाही ते पटवून घेणं सोयीचं होतं.

डॉक्टर म्हणाले, मांजराला मांसमासळी लागतेच; उंदीर धरणारी असती तर तिनं आपलं पाहिलं असतं. असंच चाललं तर पावसाळा काढणार नाही. आपल्या लिंगायताच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलेलं नाही. सासूबाईंना सांगितलं. त्या बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, उपाशी मेली तरी पाप, चारलं तरी पाप. घरात तर येणार न्हाई ते. मला विचारू नको, तू शिकलेली हायेस.

घरमालकीणबाई तिला काय घालत होत्या, ते खरं लिही.

अक्का

*

हैदराबाद
१५ एप्रिल १९८१

ती. अक्कास सा. नमस्कार.

खरं लिहितो. रोज खिमा, आणि शुक्रवारी मासळी. तुझी चूल आठवली आणि ते सांगायला जीभ रेटली नाही. सांगितलं असतं तर तू तिला ठेवून घेतलं नसतंस, ही भीतीही होती. दूधभातावर राहील असं मी स्वतःला समजावलं. माझं चुकलं.

तिच्यासाठी इथे घर शोधतो आहे. तोवर गावात कुणाच्या घरी तिचं खाणं होईल का ते बघ. रागावलीस तरी लिहीत राहा.

शिवरुद्र

*

बोरी
३ मे १९८१

चि. शिवरुद्र यास आशीर्वाद.

रागवायलाही ताकद लागते. ती सध्या नाही.

गावात मांस खाणारी घरं पुष्कळ आहेत. पण जो तो म्हणाला, मांजराला चारायला आमच्या पोरांचं पोट भरून उरतंय का. शेवटी भीमनगरात दगडाबाईकडे गेले. ती पूर्वी आमच्या कापसाच्या वेचणीला यायची. तिच्याकडे शेवटी का गेले, ते तुला ठाऊक नाही. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या गडबडीत ती दोन पोरींना घेऊन आमच्या दाराशी आली होती. मी आतच होते. कडी काढली नाही. सासूबाईंनी नको म्हटलं होतं, हे खरं. पण हात माझे होते.

त्यानंतर प्रथमच तिच्या अंगणात उभी राहिले, तीही मांजर घेऊन. तिनं करंडीत वाकून पाहिलं. म्हणाली, “मांजरासाठी आलाव बाई. बरं झालं, कशासाठी तरी आलाव.”

तिच्याकडे कोंबड्या आहेत, सुकट असते. तिनं बेगमला ठेवून घेतलं. एकच अट घातली: मी सुकट घालीन, पण ते केसाचं काम तुमचं. रोज येऊन हितंच बसून विंचरायचं. माणूस पाठवायचा न्हाई.

म्हणून शाळा सुटली की रोज तिच्या अंगणात बसून विंचरते. येणारेजाणारे थांबून पाहतात. सासूबाईंना पहिल्याच दिवशी खरं सांगितलं. तेव्हापासून त्या न्हाणीत पाणी काढून ठेवतात. आल्यावर आधी अंघोळ, मग घरात. मी करते. उकाड्यामुळे करते असं डायरीत लिहिलं होतं, ते नंतर खोडलं. शाळेत समतेचा धडा मीच शिकवते.

बेगम बरी आहे. काल उठून कोंबडीच्या पिलाजवळ जाऊन बसली. पिलू भ्यालं नाही.

अक्का

*

हैदराबाद
१० जून १९८१

ती. अक्कास सा. नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आज कामाचं तेवढं लिहितो. बेगमला घर मिळालं. डोंगराकडचा थंड बंगला आहे, घरचे लोक मायाळू आहेत, खाण्याची ददात नाही. २८ तारखेला गाडीनं येतो आणि तिला घेऊन जातो. तुझी रोजची दगदग संपेल. करंडी तेवढी तयार ठेव.

शिवरुद्र

*

बोरी
१७ जून १९८१

चि. शिवरुद्र यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा प्रथम सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करते. चालून पाय दुखतात, लोकांच्या नजरा झेलून मान दुखते, आणि दोन वेळच्या अंघोळीनं सर्दी हटत नाही. मांजराचं हित कशात आहे, याचा तीन दिवस विचार केला. बंगला थंड असेल. पण इथे ती रांजणाशेजारी ओल्या पोत्यावर निजते, अंगानं भरली आहे. मी हात घालून पाहिलंय, केसांवरून म्हणत नाही.

काल विंचरताना दगडाबाईला सांगितलं. ती सुकट निवडत होती. मान वर न करता म्हणाली, न्या की, तुमचंच हाय. मग सुकटीतला खडा बाजूला टाकत म्हणाली, “म्हंजी आता तुमी यायच्या न्हाईत.”

विचारलं नव्हतं तिनं, नुसतं म्हणाली. मी येईन, एवढं बोलायचं होतं. मी फणीतले केस काढत बसले.

तेव्हा २८ला तू ये, सासूबाईंना भेट, चार दिवस राहा. पण करंडी भरायची नाही. मांजर नेलंस तर त्या अंगणात जायला मला कारण उरणार नाही, आणि कारण नसताना त्या दारात जाऊन उभं राहण्याचं बळ माझ्या अंगात अजून आलेलं नाही. ते येईपर्यंत बेगम तिथे असू दे.

थकले आहे, म्हणून इथेच थांबते. अक्काला ओळखून घेतलंस, तरी माया कमी करू नकोस.

तुझी
उमाअक्का