पवन्या की कुसळी

हिंगणी
११ ऑगस्ट २०२४

चि. सपनास,
मोठेबाबाचा सप्रेम जयभीम. आम्ही दोघं बरे आहोत. तू डबा वेळेवर खातेस की नाही, एवढाच घोर. फोनवर मला तुझं अर्धंच ऐकू येतं, म्हणून लिहितो.

गावाच्या कुरणात यंदा पेरलेलं गवताचं बी मी दिलं. गायी आवडीने खातात तो पवन्या, असं सांगून दिलं. आता ठोंब वीतभर झाले, तर कुरण समितीचे भैयाजी म्हणतात, ही कुसळी आहे, हिची कुसळं गुरांच्या तोंडात रुततात. पोळा झाला की ट्रॅक्टर घालून सगळं मोडणार. जंगलात चराई बंद झाल्यापासून गुरांना तेवढीच जागा उरली आहे.

मला ठासून नाही म्हणता आलं नाही. बी गोळा केलं तेव्हा माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. सेवाग्रामला ऑपरेशन त्यानंतर झालं. गावाची गुरं माझ्या हाताने उपाशी मरतील की काय, या विचाराने भाकर गिळवत नाही.

डब्यात उरलेलं सगळं बी नागपूरच्या गाडीने पाठवतो. तुमच्या प्रयोगशाळेत तपास. तुझ्या मोठ्या आईने आणि मी ते चोळून, पाखडून तिळासारखं स्वच्छ केलं आहे. लेकीकडे कोणी केरासकट बी पाठवत नाही. पोचल्याचं कळव. कंडक्टर विसरभोळा वाटला.

तुझा मोठेबाबा,
तानबा

नागपूर
१४ ऑगस्ट २०२४

ती. मोठेबाबा व मोठी आई यांना सपनाचा सविनय जयभीम.
बी पोचलं. इतकं स्वच्छ बी आमच्याकडे आजवर आलं नव्हतं, सगळे बघून गेले. पण मोठेबाबा, तुम्ही गवताचं तोंडच पुसून पाठवलंत! ओळख असते ती टरफलात आणि कुसळात. पवन्याच्या टरफलावर उभ्या शिरा असतात. कुसळीचं कुसळ काळपट, जाड, आणि बुडाशी सुईसारखं टोक. नुसत्या दाण्यावरून मी खात्रीने सांगू शकत नाही, आणि खात्री नसताना सांगणार नाही.

बी कशावर चोळलंत? तिथे काही अडकलं असेल तर तसंच पाठवा. झटकू नका, धुऊ तर मुळीच नका. डबा मी वेळेवर खाते.

तुमची पुतणी,
सपना

हिंगणी
१७ ऑगस्ट २०२४

चि. सपनास,
सप्रेम जयभीम. तुझं बारीक अक्षरातलं पत्र शेजारच्या मोनालीने वाचून दाखवलं आणि मी चप्पल न घालताच धावलो. बी आम्ही धुतलेल्या घोंगडीवर चोळलं होतं, आणि तुझी मोठी आई तीच घोंगडी बादलीत बुडवायला निघाली होती. मी हातातून ओढून घेतली. बुढा पागल झाला म्हणाली. मग तिनेच उलटून पाहिलं, तर लोकरीत कुसळंच कुसळं! दोघं अंगणात लहान पोरांसारखे नाचलो.

अख्खी घोंगडी पाठवतो. कंडक्टरने विचारलं, दवाखान्यात कोण आहे? मी म्हटलं, गवत.

कुसळी निघाली तर आधी मला कळव. भैयाजींना मीच सांगेन, दुसऱ्याच्या तोंडून नको.

तुझा,
तानबा

नागपूर
२३ ऑगस्ट २०२४

ती. मोठेबाबा,
सविनय जयभीम. बसून वाचा. चिमट्याने एकेक टरफल काढून भिंगाखाली धरलं, आणि पहिल्याच टरफलावर शिरा दिसल्या तेव्हा मी ओरडलेच. पवन्या! पण पुढे कुसळीही निघाली. दहात सात-आठ पवन्या, बाकी कुसळी. तुमचं मन राखायला मी आकडा बदललेला नाही. भैयाजींनी पाहिला तो ठोंब कुसळीचाच असेल.

ट्रॅक्टर नको. ठोंबाचं बूड चिमटीत दाबून पाहा. चपटं लागलं तर कुसळी, गोल लागलं तर पवन्या. फुलोरा येण्याआधी कुसळी उपटली की कुरण वाचेल.

अहवाल सोबत जोडला आहे. रागावू नका.

सपना

हिंगणी
१ सप्टेंबर २०२४

चि. सपनास,
सप्रेम जयभीम. रागावू कशाला? काल समितीपुढे उभा राहिलो. अहवाल दाखवण्याआधीच सांगून टाकलं की माझ्या बियात कुसळी होती, भैयाजी खोटं बोलले नाहीत. मग पवन्याचा आकडा आणि बूड दाबून पाहायची खूण सांगितली. भैयाजी उठले आणि निघून गेले. मला वाटलं, संपलं.

आज सकाळी कुरणात गेलो तर भैयाजी आधीच तिथे, ठोंबाशी वाकलेले. बुडं दाबत होते, पण शेतीकामाने त्यांच्या बोटांना इतके घट्टे पडलेले की चपटं-गोल काही कळेना. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तानबा, तू दाबून सांगत जाय, मी उपटत जातो."

दुपारपर्यंत पंधरा-वीस जण आले. अर्धं कुरण झालं, पवन्या डोलतो आहे. घोंगडीची घाई नाही, थंडीच्या आत तूच घेऊन ये. माया अशीच राहू दे. उद्या पोळा आहे, आणि परवा ट्रॅक्टर येणार नाही.

तुझा मोठेबाबा,
तानबा