आईच्या गोळ्या, मामाचा वाटा

३ मार्च

नाही म्हणजे नाही! तोआकाईमामाला आता एक डॉलरही नाही. आधी माझी सायकल, मग रेडिओ, मग मी इथून, परदेशातून पाठवलेले बूट — आणि आता आईच्या क्षयाच्या गोळ्या! गोळ्यासुद्धा!

दुपारच्या सुट्टीत फोन लागला. आई म्हणते, "तोआकाईनं बुबुती केली रे. दिल्या अर्ध्या." जसा काही मासाच वाटून दिला! आमच्यात नातलगानं 'बुबुती' म्हणून मागितलं की नाही म्हणायचं नसतं, कबूल. पण औषध? नर्स रोतिआ घसा कोरडा करून सांगत होती — सहा महिने, रोज, एकटीनं.

"खोकला कसा आहे?"

"थोडासा."

थोडासा म्हणे! तेवढं बोलतानाही दोनदा थांबली.

५ मार्च

दिवसभर मांसाच्या कारखान्यात, थंड खोलीत मेंढ्यांची धडं आकड्याला लटकवली. बोटं बधिर. मामासाठी शिव्या मात्र भराभर सुचत होत्या.

९ मार्च

आज कहर! माझ्याबरोबर राहणाऱ्या, आमच्याच बेटाकडच्या काबुरोनं मोबाइलवर फोटो दाखवला. आई! गळ्यात फुलांचा हार, हातात गोळ्यांची रिकामी पाकिटं. फोटोखालचं काबुरोनंच वाचून दाखवलं, इंग्रजी मला कुठलं — 'तीन देशांची मैत्री, निरोगी बेटं. औषध शंभर टक्के पूर्ण.'

शंभर टक्के! पाकिटं रिकामी झाली एवढं खरं. कुणाच्या पोटात गेली ते विचारायला वेळ कुणाला? परदेशी डॉक्टर विमानानं आले, एक्सरेचं यंत्र लावलं, निळ्या टोप्या वाटल्या, टाळ्या घेतल्या, गेले. टोप्या तरी आईकडे राहिल्या असतील का? मामाच्या डोक्यावर असणार. एकावर एक, दोन.

"तुझी आई प्रसिद्ध झाली की रे," काबुरो म्हणाला.

"कर बुबुती, घेऊन टाक तिला!" म्हटलं.

मग जेवण गेलं नाही.

१६ मार्च

आईचा फोन: त्या विमानवाल्यांतली एक गोरी डॉक्टर परत आलीय बेटावर. आईच्या थुंकीत अजून जंतू, म्हणून. शंभर टक्के!

पण हे मात्र लिहून ठेवतो. सभाघरात तिच्यासाठी खुर्ची ठेवलेली, ती चटईवर बसली. भाषण नाही, चित्रं नाही. म्हणाली, "मी बुबुती करते. या बाईंच्या गोळ्या ज्यांच्याकडे असतील, त्यांनी मला द्याव्यात." रोतिआनं पढवलं असणार. लोक आधी हसले म्हणे. शेवटी मामा उठला. उरलेल्या चार गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या आणि तिथंच खोकत बसला.

लगेच एका म्हातारीनं डॉक्टरीणबाईचा चष्मा मागितला! द्यावाच लागला. घे बाई, बुबुती करतेस तर!

हसलो खरा. पण चारच उरल्या होत्या.

२० मार्च

दोघांनाही साध्या गोळ्या लागू पडणार नाहीत आता. अर्ध्या-अर्ध्या घेऊन रोग मुरला. पहिल्या बोटीनं राजधानीत, तारावाच्या मोठ्या इस्पितळात जायचं, महिनोन्‌महिने तिथंच राहायचं. औषध फुकट. बाकीचं ज्याचं त्यानं. वा रे मैत्री!

आणि वा रे मामा! आईला काही झालं तर तुझं तोंड बघणार नाही. फोनवर तसं सांगितलं आईला.

तिनं फोन ठेवला.

२१ मार्च

आईनं स्वतःहून फोन केला. कधी करत नाही.

"तिओन, त्याला बोलू नकोस. त्याचा खोकला तू जायच्या आधीचा. घरात क्षय निघाला तर तुझे परदेशी जायचे कागद अडतील, असं कुणीतरी त्याला सांगितलं. म्हणून दवाखान्यात नाव लावलं नाही त्यानं. तू गेल्यावरही नाही — म्हणायचा, पोराचा करार वाढू दे आधी. मलाच लागण झाली तेव्हा लहान पोरासारखा रडला."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुला सांगू नये, अशीही बुबुती केली होती त्यानं. आज मोडली मी."

फोन कटला.

तोआकाईमामाच्या नावावर — दोघांचं बोटभाडं, तारावातलं खाणं-राहणं — ७४० डॉलर पाठवले.